मोरयाच्या धोंड्यापासून मंगेशकरांपर्यंत

मालवणच्या किनाऱ्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याकडे तोंड करून उभं राहिलं, की पाण्याच्या कडेला एक खडक दिसतो. त्यावर गणपती कोरला आहे, चंद्र-सूर्य आहेत, शिवलिंग आणि पादुकाही आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावरच्या किल्ल्याचा मुहूर्त केला, तो याच खडकावर पूजा करून, असं मालवणात पिढ्यान्पिढ्या सांगतात. पुढच्या तीनेक वर्षांत किल्ला उभा राहिला. १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळ्या झालेल्या जिल्ह्यालाही किल्ल्याचंच नाव मिळालं. खडकाचं नाव मात्र लोकांनी ठेवलं ते तसंच राहिलं: मोरयाचा धोंडा.

इथला मोरया म्हणजे गणपती, हे कोणीही सांगेल. पण गणपतीला मोरया का म्हणायचं? परंपरा सांगते ती अशी. पुणे जिल्ह्यात मोरगाव आहे. तिथल्या गणपतीचं नाव मोरेश्वर. त्याला नवस करून एका दांपत्याला मुलगा झाला आणि देवाच्या नावावरून त्याचं नाव मोरया ठेवलं. हा मुलगा पुढे मोठा गणेशभक्त झाला, मोरया गोसावी म्हणून ओळखला जाऊ लागला. चिंचवडला पवनेच्या काठी त्याची समाधी आहे. लोकांनी देवाच्या जयजयकारात भक्ताचंही नाव जोडलं आणि ‘गणपती बाप्पा मोरया’ ही घोषणा घरोघर पोचली. भक्ताचं नाव देवाला चिकटलं आणि देवाबरोबर ते मालवणच्या खडकावर येऊन बसलं. मोरया गोसावींच्या वंशजांना लोक ‘देव’ म्हणू लागले, तेच त्यांचं आडनाव झालं.

माणसाचं पाळण्यातलं नाव, घराण्याचं आडनाव आणि जागेचं नाव, अशी तिन्ही नावं या एका साखळीत सापडतात. साखळी सरळ एका दिशेला जात नाही, हेही इथेच दिसतं. गावाच्या देवाचं नाव माणसाला मिळालं, माणसाचं पुन्हा देवाला, आणि देवाचं दगडाला. जगभर संतांची नावं अशीच फिरत आली आहेत. पण ती कुठे टिकतात आणि कुठे टिकत नाहीत, याला काही कारणं असतात. सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर ती कारणं एकमेकांशेजारी पाहायला मिळतात.

देऊळ आधी की वस्ती आधी?

देवगड तालुक्यात समुद्राला लागून कुणकेश्वर आहे. देव कुणकेश्वर, गाव कुणकेश्वर, ग्रामपंचायत कुणकेश्वर आणि एसटीच्या पाटीवरही कुणकेश्वर. विजयदुर्गाजवळ गिर्ये गावाला लागून रामेश्वर नावाचं गाव आहे. तिथेही देवाचं आणि गावाचं नाव एकच.

आता मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला या. इथलाही देव रामेश्वर, आणि तो नुसता ग्रामदेव नाही, गावाचा इनामदार आहे. संस्थानाच्या नावातच ‘इनामदार श्री देव रामेश्वर’ असं लिहिलेलं असतं. दर काही वर्षांनी देवाचा कौल मिळाला की आचऱ्याची गावपळण होते. म्हातारीकोतारी, तान्ही मुलं, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांना घेऊन गाव वेशीबाहेर पडतं आणि तीन दिवस, तीन रात्री रानात राहुट्या ठोकून राहतं. मागे गावात माणूस म्हणून राहत नाही, गाव देवाच्या हवाली असतं. ज्या देवाच्या शब्दावर सगळं गाव घरं सोडून निघतं, त्याचं नाव मात्र गावाला नाही. गाव आपलं आचराच.

असा फरक पडतो तो बहुतेक वेळा वस्ती आधीची की देऊळ आधीचं, यावरून. नांदत्या गावाला स्वतःचं नाव असतं, देव कितीही मोठा झाला तरी ते बदलत नाही. ओसाड किनाऱ्यावर किंवा माळावर देऊळ उभं राहिलं आणि त्याच्या आसऱ्याने गुरव, पुजारी, दुकानदार, कुळं वसली, की वस्तीची ओळख देवळावरून होते. पत्ता सांगायला दुसरं काही नसतंच.

या देवांच्या नावांत आणखी एक गंमत आहे. रामेश्वर म्हणजे रामाने स्थापलेला ईश्वर. पिंडीला स्थापकाचं किंवा ज्याच्या स्मरणार्थ ती स्थापली त्याचं नाव द्यायचं आणि पुढे ‘ईश्वर’ जोडायचा, ही देशभरची जुनी रीत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आत राजाराम महाराजांनी १६९५ साली शिवाजी महाराजांचं मंदिर बांधलं. त्याचं नाव श्री शिवराजेश्वर. महाराजांना जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. तेवढ्या अवधीत राजाचं नाव देवाच्या नावाच्या साच्यात जाऊन बसलं होतं.

आंगणेवाडीची तऱ्हा कुणकेश्वराच्या उलट आहे. मसुरे गावातली ही वाडी भराडी देवीच्या जत्रेमुळे महाराष्ट्रभर ठाऊक झाली. जत्रेची तारीख पंचांगात छापलेली नसते, देवीचा कौल घेऊन ती ठरते आणि मग मुंबईत रेल्वेच्या तिकिटांसाठी झुंबड उडते. भरड जमिनीवर प्रकटली म्हणून देवी भराडी, असं तिथे सांगतात. म्हणजे देवीनेच नाव घेतलं ते जमिनीचं. वाडीला मात्र आंगणे घराण्याचं नाव लागलं. लाखो लोक देवीसाठी येतात, पण पाटीवर नाव कुळाचं आहे.

आचऱ्याच्याच किनाऱ्यावरच्या एका वाडीचं नाव पिरावाडी. पीर म्हणजे मुसलमान संत, आणि कोकणात पिराला नारळ द्यायला, नवस बोलायला सगळ्या जातिधर्मांची माणसं जातात. गाव रामेश्वराच्या इनामातलं आणि वाडीचं नाव पिराचं, यात आचऱ्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. गावाचं नाव बदलणं अवघड असतं. वाडीचं, पाणंदीचं, विहिरीचं, खडकाचं नाव सहज पडतं, कारण ते सरकार ठेवत नाही. येणारे-जाणारे ठेवतात.

घाटावरून येणाऱ्या वाचकाने इथे एक काळजी घ्यावी. देशावर ‘माउली’ म्हटलं की ज्ञानेश्वर आठवतात. सिंधुदुर्गात रेडी, शिरोडा, सोनुर्ली इथली माउली म्हणजे ग्रामदेवी. सोनुर्लीच्या माउलीची जत्रा आणि आळंदीची माउली यांचा काही संबंध नाही. ‘बा’ हा प्रत्ययही असाच चकवतो. वेतोबा, गिरोबा हे देव किंवा देवचार, म्हणजे राखणदार. ज्ञानोबा, तुकोबा, सोहिरोबा हे संत. वडीलकीचा मान दोघांनाही सारख्याच शब्दाने दिलेला असतो, त्यामुळे नुसत्या नावावरून देव कोण आणि माणूस कोण हे ओळखता येत नाही.

देवाचं नाव जमिनीवर कसं पक्कं बसतं हे पाहायचं तर सातबारा काढावा. देवस्थानाच्या जमिनीच्या उताऱ्यावर भोगवटादार म्हणून ‘श्री देव अमुक’ असं चक्क देवाचं नाव असतं. देवळाच्या जमिनीचा मालक देवच, पुजारी किंवा व्यवस्थापक नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्येही स्पष्ट केलं. कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतली अनेक देवळं ज्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे आहेत, तिच्या दप्तरात अशी शेकडो नावं सापडतात.

दुसरं दप्तर तोंडी आहे: गाऱ्हाणं. जत्रेला, वार्षिकाला किंवा नव्या होडीच्या पूजेला गावकर हातात नारळ घेऊन उभा राहतो. ग्रामदेवापासून सुरुवात करून सीमेवरच्या देवचारापर्यंत एकेकाला नावाने हाक मारतो, आणि प्रत्येक वाक्याला मागचा घोळका ‘व्हय म्हाराजा!’ म्हणून साथ देतो. रामेश्वर, रवळनाथ, सातेरी, पावणाई, मग वाडीवाडीचे राखणदार. कोणाचं नाव कोणाच्या आधी घ्यायचं हे ठरलेलं असतं आणि चुकलं तर मानकरी तिथल्या तिथे दुरुस्त करतात. नकाशावर नसलेल्या कितीतरी जागा या गाऱ्हाण्यांनी जिवंत ठेवल्या आहेत.

तेरेखोलच्या पलीकडे

जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला तेरेखोलची खाडी ओलांडली की नावांचा वेगळा नकाशा सुरू होतो. पणजीत सांतिनेज आहे, म्हणजे सेंट इनेस. जवळच सांताक्रुझ, ज्याचं जुनं नाव कालापूर. मांडवीच्या पात्रातल्या जुवें बेटाचं पोर्तुगीज नाव सांतु इस्तेव्हांव, म्हणजे सेंट स्टीफन. सासष्टीत सांव जुझे दि आरियाल, म्हणजे सेंट जोसेफचं गाव.

या नावांमागे दोन कारणं होती. पहिलं म्हणजे दिनदर्शिका. ख्रिस्ती पंचांगात जवळजवळ प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या संताचा असतो. नवी भूमी दिसली किंवा जिंकली की त्या दिवसाच्या संताचं नाव द्यायचं, ही पोर्तुगीज आणि स्पॅनिश दर्यावर्दींची पद्धत. वास्को द गामा १४९७ च्या नाताळात दक्षिण आफ्रिकेचा किनारा धरून चालला होता, म्हणून तो किनारा नाताल झाला. ब्राझीलमध्ये २५ जानेवारी १५५४ रोजी, सेंट पॉलच्या धर्मांतराच्या सणादिवशी, जेझुइटांनी ठाणं वसवलं, त्याचं आज साओ पाउलो महानगर झालं आहे. आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतला २५ नोव्हेंबर १५१० रोजी. तो सेंट कॅथरिनचा दिवस, म्हणून जुन्या गोव्यातलं मुख्य कॅथीड्रल तिच्या नावाचं आहे.

दुसरं कारण सत्ता. चर्च बांधलं, त्याचा परगणा ठरवला, बाप्तिस्म्याची आणि मृत्यूची नोंद त्या चर्चच्या वहीत होऊ लागली, की वहीतलं नाव हळूहळू कचेरीतलं नाव होतं. संतांची गावं गोव्यात आढळतात ती मुख्यतः तिसवाडी, सासष्टी या जुन्या काबिजादींत, जिथे सोळाव्या शतकापासून ही वही चालली. पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे आलं. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, त्यामुळे पेडण्यातली गावं आपल्या जुन्याच नावांनी राहिली. तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. तो अठराव्या शतकात पोर्तुगिजांनी घेतला आणि आत सेंट अँथनीचं चर्च उभं राहिलं. तरी गाव तेरेखोलच राहिलं.

आणि त्याच्या उत्तरेला, मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर, ख्रिस्ती वस्ती शतकानुशतकं असूनही एकाही मोठ्या गावाला ख्रिस्ती संताचं नाव नाही. इथे आदिलशाही होती, कुडाळ-सावंतवाडीचे भोसले होते, मराठे होते, इंग्रज होते, पोर्तुगिजांची कचेरी नव्हती. संताचं नाव गावावर चढायला श्रद्धा पुरत नाही, दप्तर लागतं. गोव्यातसुद्धा जुनी नावं मेली नाहीत. जुवें म्हणणारे जुवें म्हणतात आणि कालापूर अजून कोकणी बोलण्यात आहे.

सांताक्रुझबद्दल एक खुलासा इथेच करून टाकावा. मुंबईच्या उपनगरामुळे ते आपल्या तोंडी बसलं आहे आणि ‘क्रुझ’ नावाचा कोणी संत असेल असा अनेकांचा समज असतो. असा संत नाही. सांताक्रुझ म्हणजे पवित्र क्रूस.

नवसाची मुलं

गावाला दप्तर लागतं, माणसाला नवस पुरतो. शिवाजी महाराजांच्या घराण्यातलंच उदाहरण घ्या. मालोजी भोसल्यांना मूल होत नव्हतं. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ या पिराला नवस बोलल्यावर दोन मुलगे झाले. पिराच्या नावाचे दोन भाग करून एकाचं नाव शहाजी आणि दुसऱ्याचं शरीफजी ठेवलं, अशी परंपरा आहे. नवसाने झालेल्या मुलाला पिराचं नाव देण्याची रीत महाराष्ट्रात सर्वदूर होती. पिराजी आणि फकिरा ही नावं तिचीच. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी वाचताना नायकाचं नाव मुसलमानी वाटतं असं कोणी म्हणत नाही, कारण मराठी कानाला ते आपलंच आहे.

कोकणात दत्ताराम, जयराम, सखाराम, तुकाराम अशा ‘राम’वाल्या नावांची रेलचेल आहे. पंढरीची वारी करणाऱ्या घरांत ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, मुलींत मुक्ता, जना, सखू. देशावर सावता हे नाव बहुधा माळी घरातलं आणि चोखोबा हे महार घरातलं निघतं. संत सर्वांचे म्हणायचे, पण पाळण्यात नाव घालताना ज्या त्या समाजाने आपला संत निवडला. अभंग सगळ्यांनी गायले, नावं मात्र जातीच्या कुंपणातून फार थोडी बाहेर पडली.

देवाचं किंवा आजोबांचं नाव मुलाला ठेवलं की घरात एक अडचण उभी राहते. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही जुनी रीत. नातवाचं नाव तेच असेल तर आईने पोराला हाक कशी मारायची? शिवाय देवाच्या नावाने पोराला शिव्या कशा घालायच्या? म्हणून कागदावर रामेश्वर किंवा नारायण, आणि हाकेला बाबल, बाळा, दाजी, भाई. मालवणी माणसाला दोन नावं असतात, त्याचं कारण बरंचसं हे आहे. मरणानंतर छापलेल्या कार्डावर खरं नाव वाचून शेजारी चकित होतात, कारण जन्मभर त्यांनी ते ऐकलेलंच नसतं.

ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याला संताचं नाव घेण्याची रीत आहे. कुठल्या संताचं, हे जन्माच्या दिवसावरून, आजोबा-आजीवरून किंवा जवळच्या चर्चवरून ठरतं. सेंट अ‍ॅनचा सांतान, जुवांव बाप्तिस्ताचा जुवांव, पेद्रोचा पेद्रू, अंतोनियोचा अंतोन. सणावरूनही नावं पडतात: ईस्टरला जन्मला तो पास्कू, रविवारचा तो दोमिंग. सोमवारी जन्मलेल्याला सोमा आणि बुधवारच्याला बुधाजी म्हणणाऱ्या हिंदू शेजाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

मारिया मातेची तर रूपंच नावं झाली. चमत्कारांची माता म्हणजे मिलाग्रीस, आणि तिच्यावरून मुलीचं नाव मिलाग्रीन. सावंतवाडीचं मिलाग्रीस चर्च २००५ साली स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांताचं कॅथीड्रल आहे. त्याच नावाची शाळा असल्यामुळे सावंतवाडीत मिलाग्रीस हा शब्द सर्वधर्मीय मुलांच्या दप्तरावर असतो.

फातिमा हे नाव दोन वाटांनी आलं. मुसलमान घरातली फातिमा ही पैगंबरांच्या मुलीच्या नावाची. ख्रिस्ती घरातली फातिमा पोर्तुगालमधल्या फातिमा या गावावरून आली, जिथे १९१७ साली तीन मुलांना मारिया मातेचं दर्शन झालं असं मानतात. त्या गावाचं नाव मात्र अरबी मुलखातलं, पोर्तुगालवर मुसलमानी अंमल होता त्या काळाची आठवण. एकाच तालुक्यात शेजारीपाजारी असलेल्या दोन फातिमांची नावं मुळात एकच आहेत, आणि मधल्या प्रवासाची दोघींच्या घरी कल्पनाही नसते.

झेवियरचा प्रवासही असाच उलटा. स्पेनच्या नव्हारा प्रांतात हाविएर नावाचा वाडा आहे. १५०६ साली तिथे जन्मलेला मुलगा म्हणून तो फ्रान्सिस झेवियर. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला, ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला आणि १६२२ साली चर्चने त्याला संत घोषित केलं. तेव्हापासून वाड्याचं नाव मुलांना मिळू लागलं. कुठल्याही झेवियरला त्याचा गाव विचारला, तर उत्तर त्याच्या नावातच आहे, पण ते हजारो मैलांवरचं.

गाव सोडल्यावर मिळालेलं आडनाव

मालवणी माणूस अनोळखी माणसाला पहिला प्रश्न विचारतो: ‘तुमचो गाव खंयचो?’ आडनावाचा उगम या प्रश्नात आहे. आचऱ्यात राहणाऱ्याला आचरेकर म्हणायची गरज नसते, तिथे सगळेच आचऱ्याचे. माणूस मुंबईला गेला, चाळीत खोली घेतली, गिरणीच्या हजेरीपटावर नाव घालायची वेळ आली, की गाव मागे लागतं. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी सर्वाधिक कामगार रत्नागिरी जिल्ह्यातले असत आणि आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. मालवणात जन्मलेले आणि मुंबईत शिवाजी पार्कवर क्रिकेट शिकवणारे रमाकांत आचरेकर हे आडनावाच्या या प्रवासाचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण.

गावाला देवाचं नाव असेल तर देवही आडनावात येतो. गोव्यातल्या मंगेशी गावी श्रीमंगेशाचं देऊळ. मंगेश हा शंकर, गाव त्याच्या नावाचं. १९०० साली तिथे जन्मलेले दीनानाथ नाटकात पुढे आले तेव्हा त्यांनी आडनाव घेतलं मंगेशकर. त्यांचे वडील देवळातले पुजारी, आडनाव अभिषेकी, म्हणजे देवाला अभिषेक करणारे. आई येसूबाई देवळाच्या सेवेतल्या. वडिलांचं आडनाव त्यांनी लावलं नाही, गावाचं आणि देवाचं लावलं. समाज एखाद्याला वंशाचं नाव देत नाही तेव्हा गाव देतं, हे या आडनावाने दाखवलं. लता मंगेशकर जगभर गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एका खेड्यातल्या देवाचं नावही गेलं. नागेशीच्या नागेशावरून नागेशकर झाले, तेही याच वाटेने.

त्याच देवाचं नाव पाळण्यातही आलं. कवी मंगेश पाडगावकर यांचा जन्म १९२९ साली वेंगुर्ल्याचा. त्यांच्यात देव नावात आहे आणि गाव आडनावात. देव, गाव, आडनाव, नाव, अशा चारही घरांत मंगेश वावरला आहे.

किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती आडनावांत संत लपलेले आहेत, पण सहज दिसत नाहीत. धर्मांतराच्या वेळी गोव्यात धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं आडनाव मिळे आणि पुढे ही कुटुंबं मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीपर्यंत पसरली. ही आडनावं पोर्तुगालमध्ये मुळात बापाच्या नावावरून पडलेली: फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा, पिरिस म्हणजे पेद्रोचा, मार्टिन्स म्हणजे मार्टिनचा. पेद्रो आणि मार्टिन ही संतांची नावं, म्हणजे युरोपातल्या कोण्या पूर्वजाला बाप्तिस्म्यात मिळालेलं संताचं नाव त्याच्या मुलाचं आडनाव झालं, आणि तीनचारशे वर्षांनी ते मालवणच्या मतदार यादीत आलं. ज्याच्यावरून ते आलं त्या माणसाशी इथल्या कुटुंबाचं रक्ताचं नातं असेलच असं नाही, बहुतेक वेळा नसतंच.

आडनावाचे संत

सिंधुदुर्गाची एक खासियत बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. देशावरचे संत पाळण्यातल्या नावाने ओळखले जातात. ज्ञानेश्वरांचं आडनाव कुलकर्णी आणि तुकोबांचं अंबिले, हे मुद्दाम सांगावं लागतं. सिंधुदुर्गातले संत मात्र आडनावाने प्रसिद्ध आहेत. पिंगुळीचे राऊळ महाराज. दाणोलीचे साटम महाराज. कुडाळ तालुक्यातल्या माणगावचे टेंबे स्वामी.

टेंबे स्वामींचं तर विशेष. १८५४ साली माणगावात जन्मलेले वासुदेव गणेश टेंबे संन्यास घेऊन वासुदेवानंद सरस्वती झाले. संन्यासात घर, कूळ, आडनाव सुटतं, त्यासाठीच नवं नाव मिळतं. १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला त्यांनी देह ठेवला. ग्रंथांवर वासुदेवानंद सरस्वती छापलं जातं, पण लोकांच्या तोंडी ते शेवटपर्यंत टेंबे स्वामीच राहिले. संन्याशाने सोडलेलं आडनाव भक्तांनी जपून ठेवलं.

असं का झालं असावं? कोकणातल्या गावात आडनाव म्हणजे नुसतं घराणं नव्हे. देवळातला मान, पालखीचा खांदा, गाऱ्हाण्यातली जागा, कौल कोणी लावायचा, हे सगळं आडनावावर ठरतं. राऊळ, गुरव, घाडी, परब, गावकर या आडनावांत गावगाड्याची आणि देवळाची कामं किंवा मान आहेत. ज्या समाजात आडनाव हीच माणसाची जागा, तिथे संतालाही जागा आडनावानेच मिळाली, असं मला वाटतं. याला अपवाद आहेतच: कणकवलीचे भालचंद्र महाराज पहिल्या नावानेच ओळखले जातात.

या संतांच्या नावाने गाव मात्र झालं नाही. पिंगुळी पिंगुळीच राहिली, दाणोली दाणोली. आचऱ्यासारखीच इथेही वस्ती आधीची होती. आता संतांची नावं लागतात ती संस्थांना. बांद्यात १७१४ साली जन्मलेल्या सोहिरोबानाथ आंबिये यांचं नाव खाडीपलीकडे पेडणे तालुक्यातल्या सरकारी महाविद्यालयाला आहे. वेंगुर्ल्यात अमेरिकन मिशनने इस्पितळ काढलं तेव्हा नाव दिलं सेंट ल्यूक, कारण ल्यूक हा वैद्यांचा संत. पूर्वी नाव वहिवाटीने पडायचं, आता ठरावाने दिलं जातं. ठरावाची नावं पाटीवर राहतात, वहिवाटीची तोंडात.

म्हणून एखादं नाव समोर आलं की तीन प्रश्न विचारावेत. हे नाव सत्तेने दिलं की नवसाने? वस्ती आधीची की देऊळ? आणि आडनाव असेल तर ते गावात असताना पडलं की गाव सोडल्यावर? बहुतेक नावांचा उलगडा या तिन्हींच्या उत्तरांत होतो.

एक विनंती. मोठ्या गावांची नावं सरकारी कागदावर सुरक्षित आहेत. धोका आहे तो वाड्या, पाणंदी, विहिरी, खडक आणि राखणदारांच्या नावांना, कारण ती फक्त म्हाताऱ्या माणसांच्या आणि गाऱ्हाणं घालणाऱ्यांच्या तोंडी आहेत. त्या जागांवर आता रिसॉर्ट उभी राहत आहेत आणि मोबाइलच्या नकाशात रिसॉर्टचंच नाव येतं. पुढच्या खेपेला गावी गेलात तर एक वही घ्या, घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर वाडीभर एक फेरी मारा, प्रत्येक जागेचं नाव आणि ते का पडलं याची ते सांगतात ती गोष्ट जशीच्या तशी लिहून काढा, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या.